निळ्या गादीची खुर्ची

३ फेब्रुवारी, सोमवार

पोहोचलो एकदाचे! दोन पेट्या, एक टेबलफॅन, दादा आणि दादाची चाकांची खुर्ची. जिन्याच्या तोंडाशी दादा फुटपाथवर बसून हमालांना हुकूम सोडत होता आणि मी वर-खाली धावत होते. पेटी आडवी धरा, पंखा उलटा करू नका, त्या बाईला मध्ये घेऊ नका, ती पडेल आणि पेटीही पाडेल. ती बाई म्हणजे मी. काम संपल्यावर त्यांच्यातल्या म्हाताऱ्या हमालाने मला बाजूला घेऊन विचारलं, की साहेब नेहमी असेच असतात का. मी म्हटलं, आज खुशीत आहेत.

दादा माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठा. लहानपणी तापात पाय गेले ते गेलेच, पण पायांचं सगळं बळ जिभेत येऊन बसलं. आई-वडील गेल्यापासून आम्ही दोघंच. चहा पाणचट, भाजी खारट, माझं चालणं म्हणजे भूकंप. सकाळी त्याची कुरकूर सुरू झाली नाही तर मी त्याच्या कपाळाला हात लावून बघते, ताप तर नाही ना. मला तो 'खारे' म्हणतो, कारण खारीसारखं मी सगळं कुठेतरी लपवून ठेवते आणि मग मलाच सापडत नाही.

माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. पण रस्त्याच्या टोकाला म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठी जो निवास आहे तिथे दादाला जागा मिळाली, म्हणून तर ही नोकरी घेतली. पांढरीशुभ्र इमारत, रुंद दारं, कुठेही उंबरा नाही. मेट्रनबाई हसतमुख आहेत. दादाने दारातच त्यांना सांगून टाकलं, की फिनेलचा वास फार येतो. मी निघताना म्हणाला, उद्या येशील ना. मग लगेच म्हणाला, नाही आलीस तरी चालेल, तेवढीच शांतता.

५ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिस आवडलं. मागची कितीतरी वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीत काढली. तिथे लोक आधी शिवी द्यायचे, मग नाव सांगायचे. इथे सगळं उलटं. म्हातारी माणसं, अपंग माणसं ज्या संस्थांमध्ये राहतात त्या संस्थांबद्दलच्या तक्रारी आम्ही फोनवर ऐकतो, आणि फोन करणारा आधी माफी मागतो. त्रास देतोय हं तुम्हाला, तसं फार काही नाही, पण. त्या 'पण'नंतर जे येतं, ते ऐकून दुपारचा डबा घशाखाली उतरत नाही.

आमचं ऑफिस स्वतंत्र आहे. म्हणजे संस्थांचं नाही आणि सरकारचंही नाही. साहेबांना याचा भारी अभिमान. सडपातळ, स्वेटर घालणारे, हळू बोलणारे गृहस्थ आहेत. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, तेव्हा लोकांना रडू द्या आणि आपण ऐका, असं मला पहिल्याच दिवशी म्हणाले. शेजारच्या टेबलावर ताई बसतात. जन्म गेलाय त्यांचा इथे. नियम त्यांनीच शिकवले, आणि सगळे नियम मला पटले. तक्रार आली की संस्थेला तक्रारदाराचं नाव कळवायचं, कारण दुसरी बाजू ऐकल्याशिवाय न्याय कसला? आपल्या नात्यातल्या माणसाची तक्रार आपण हाताळायची नाही, तिच्याबद्दल विचारायचंसुद्धा नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम शेवटच्या फोनचा. पूर्वी म्हणे संस्थाच परस्पर कळवायच्या, की प्रकरण मिटलं. आता तसं चालत नाही. तक्रारदाराने स्वतः, स्वतःच्या आवाजात, 'माझी काही तक्रार नाही' असं फोनवर म्हटलं, तरच तक्रार बंद होते.

संध्याकाळी दादाला हे सगळं रंगवून सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे आयुष्यभर माझी कटकट ऐकलीस, तिचे आता पगारी कष्ट झाले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दादाच्याच निवासातून एक फोन आला. निवृत्त मास्तर आहेत, आवाज खणखणीत, नाकावर माशी बसू न देणारे. न्हाणीघराचं दार उघडं ठेवून आंघोळ घालतात, जाणारे-येणारे बघतात, म्हशीला धुवावं तसं आम्हाला धुतात, असं म्हणाले. शेवटचं वाक्य बोलताना तो खणखणीत आवाज जरा चिरकला. मी सगळं नीट टिपून घेतलं आणि मेट्रनबाईंना फोन लावला.

मला वाटलं होतं बाई फणकारतील. छे! त्यांनी आभार मानले. म्हणाल्या, की आमच्याकडे अशा कामासाठी खास माणूस ठेवलाय. तक्रार आली की उन्हाच्या खोलीत तो तक्रारदाराच्या समोर बसतो आणि त्याचं बोलणं पुरतं संपेपर्यंत उठत नाही. आम्ही सगळे त्यांना 'ऐकणारे' म्हणतो. खरं सांगते, मला हेवा वाटला. माझ्यासमोर असं कोण बसलंय कधी?

९ फेब्रुवारी, रविवार

दादा भडकलेला. त्याची खुर्ची काढून घेतली! चाकांचे ओरखडे फरशीवर उठतात म्हणे. ती जिन्याखालच्या खोलीत कुलूप लावून ठेवलीय आणि त्याला एका मऊ, खोल सोफ्यात बसवलंय. त्या सोफ्यातून धडधाकट माणूसही दोन्ही हात टेकल्याशिवाय उठणार नाही, मग दादाची काय कथा! पाणी हवं, हाक मार. खिडकीशी जायचंय, हाक मार. ती खुर्ची म्हणजे त्याचे पाय आहेत. डावं चाक कुरकुरतं, गादी मी जुन्या निळ्या पडद्याची शिवलीय, दर वर्षी उसवते आणि दर वर्षी मी टाके घालते. टाके वाकडे आले म्हणून तो दर वर्षी माझा उद्धार करतो.

मी म्हटलं, तक्रार कर, ऑफिसात फोन कर. तो नको म्हणाला. म्हणाला, खारे, कुरकूर घरच्यांपाशी करायची असते, तक्रार परक्यांपाशी. मी तुझ्यापाशी कुरकूर करतोय, तू फक्त ऐक आणि त्या मेट्रनशी जरा भांड. मला भांडता येत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. मी नियमांचं पुराण लावलं, दुसरी बाजू, शेवटचा फोन, सगळं. एवढी चांगली पद्धत आहे तर वापरायची नाही का? शेवटी तो म्हणाला, बरं बाई, तुझ्या हौसेखातर. उद्या फोन करेल. नियमाप्रमाणे तो ताई घेतील.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज मास्तरांना शेवटचा फोन केला. आधी वाटलं चुकीचा माणूस लागला. आवाज त्यांचाच, पण कापूस भरल्यासारखा मऊ. म्हणाले, माझी काही तक्रार नाही, सगळं छान आहे. न्हाणीघराला दार लावतात का आता, मी विचारलं. म्हणाले, दाराचं काय एवढं, सगळं छान आहे.

नियमाने माझं काम झालं होतं. पण फोन काही बंद होईना. मास्तर फोनवरून गेलेले, आणि तरी पलीकडे कुणीतरी आहे असं वाटत होतं. श्वास नाही, खाकरणं नाही. कुणी आपलं बोलणं ऐकायला थोडं पुढे सरकून बसावं, तशी ती शांतता. आणि काय झालं कुणास ठाऊक, मी त्या शांततेला सांगून बसले, की सामान चढवल्यापासून माझी कंबर दुखतेय आणि कुणी विचारलंही नाही. मग शरमून फोन ठेवला.

गंमत म्हणजे हलकं वाटलं. कंबर अजून दुखतेच आहे. पण तिचं काही वाटत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दादाकडे गेले तर त्याने हसून स्वागत केलं. दादाने! ऐकणारे दोन दिवस येऊन बसतायत म्हणे. पहिल्या दिवशी खुर्चीचं सांगितलं. मग बोलता बोलता शाळेचं निघालं, वर्गाच्या पायऱ्यांवर मुलं त्याला एकट्याला सोडून पळाली होती ते. मग तापाचं. दादाने मला कधीही तापाचं सांगितलेलं नाही. फार छान ऐकतो गं तो, म्हणाला. कसा दिसतो, मी विचारलं. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, उन्हाकडे पाठ करून बसतो, त्यामुळे नीट दिसत नाही.

थर्मासमधला चहा ओतून दिला. त्याने नाव ठेवलं नाही. खुर्ची अजून कुलपातच आहे.

येताना न्हाणीघरावरून आले. दार सताड उघडं होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज उन्हाची खोली बाहेरून पाहिली. काचेचं दार आहे. सात-आठ जण ओळीने मऊ सोफ्यांत बसलेले, हात मांडीवर, सगळ्यांच्या तोंडावर तेच हसू. मास्तर कडेला. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यावर माशी बसली होती. ती चालत नाकापर्यंत गेली. त्यांनी मानसुद्धा हलवली नाही.

आता कळलं. त्या माणसाला जे सांगावं, ते आपल्यापाशी उरत नाही. दुखणं असतं तिथेच असतं, फक्त ते आपल्याला खुपेनासं होतं. आधी दार, मग आंघोळ, मग माशी. एकदा काही खुपेनासं झालं, की माणसात उरतं काय?

दादा म्हणजे तर आपादमस्तक कुरकूर. ती काढली तर दादा कुठे शोधायचा?

१७ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना गाठलं. त्या निवासातले सगळे अगदी तेच वाक्य बोलतात, असं सांगितलं. साहेबांनी स्वेटरची बाही नीट केली आणि शांतपणे विचारलं, म्हणजे लोकांची तक्रार नाही ही तुमची तक्रार आहे का? मी म्हटलं, न्हाणीघराचं दार उघडंच आहे, मी डोळ्यांनी पाहिलं. ते म्हणाले, मास्तरांचं दार आहे, मास्तरांना चालतं, आपण कोण? मग अगदी मायेने म्हणाले, की तुमचे भाऊ तिथे आहेत, त्यामुळे तुम्ही या संस्थेबद्दल बोलणंच नियमात बसत नाही. उद्यापासून तिथले सगळे फोन ताई घेतील.

वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ताईंच्या अक्षरशः पाया पडले. दादाची तक्रार काढून टाका, मीच भरीला घातलं त्याला. ताईंचे डोळे भरून आले, पण नियम तो नियम. तक्रार फक्त तक्रारदार मागे घेऊ शकतो. त्याने स्वतः फोनवर म्हणायचं, माझी काही तक्रार नाही.

म्हणजे सुटायचं तरी तेच वाक्य, आणि बुडायचं तरी तेच.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच. घरातली कुरकूर मी वेशीबाहेर नेली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ताईंनी दादाला शेवटचा फोन केला. माझ्या शेजारी बसून. माझ्याकडे पाठ करून, आवाज बारीक करून, पण दीड हातावरचं कसं ऐकू येणार नाही? दादाचा आवाज ऐकू आला. कापसासारखा.

मी ताईंच्या हातून फोन हिसकावला आणि ओरडले, दादा, खुर्ची! तुझी खुर्ची! पलीकडे कुणी नव्हतं. म्हणजे होतं. ऐकत होतं. मी तोंडावर हात दाबून धरला आणि फोन ठेवला.

साहेबांनी दोन दिवसांची रजा घ्यायला सांगितलं. रागावले नाहीत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

चहात मीठ घातलं. चांगलं चार चमचे. थर्मास भरून घेऊन गेले. आता तो थुंकेल, पेला भिरकावेल, माझ्या सात पिढ्या काढेल. त्या स्वतःच्याही आहेत हे विसरून काढेल, नेहमी काढतो तशा. रस्ताभर मी देवाकडे एवढंच मागत होते, की मला शिव्या बसू देत.

दादा उन्हाच्या खोलीत होता, मास्तरांच्या शेजारच्या सोफ्यात. पेला त्याच्या ओठांशी धरला. तो प्यायला. सगळा. घोट घोट, हसत. मध्ये एकदा अंगाने ओकारी काढली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी तोंड हसतच होतं. मी पेला मागे घेतला तर माझ्याकडे बघून म्हणाला, छान झालाय. बरं वाटलं तुम्ही आलात.

मला 'तुम्ही' म्हणाला.

तिथेच जमिनीवर बसून रडले. कुणी हटकलं नाही. सोफ्यातले सगळे माझ्याकडे बघून हसत होते.

२३ फेब्रुवारी, रविवार

भाड्याने चाकांची खुर्ची आणली. त्याला घरी न्यायचं, खोली दुसऱ्या मजल्यावर तर दुसऱ्या मजल्यावर, पाठीवर घालून नेईन. मेट्रनबाईंनी अडवलं नाही. फक्त त्याला विचारलं, तुम्हाला जायचंय का? तो म्हणाला, माझी काही तक्रार नाही. त्या म्हणाल्या, बघा ना, शहाणासुरता माणूस आहे, त्याच्या मनाविरुद्ध आम्ही कसे पाठवू? आमच्याविरुद्ध तक्रार नाही का होणार?

त्याच्या काखेत हात घालून उचलायला गेले. आयुष्यभर उचललाय त्याला. तो मानेला मिठी घालायचा आणि म्हणायचा, हळू, पोतं नाहीये मी. आज त्याने हात वर केलेच नाहीत. सोफ्यातून निघेना. ओल्या वाळूचा ढीग जसा— नाही उचलता आलं मला.

जिन्याखालच्या खोलीचं कुलूप हलवून बघितलं. फटीतून गादीची निळी कड दिसली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

उजव्या हाताला हा एवढा फोड आलाय. केटलीची वाफ लागली असणार. कधी? ताईंनी दाखवला तेव्हा कळलं. दुखतोय, पण—

त्या फोनवर मी दोनदाच बोलले. एकदा कंबर, एकदा खुर्ची. दोनदाच. तेवढ्याने—

आजपासून कुणापाशी काही बोलायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा, पण मार मार म्हणून लागला पाहिजे. दादाच्या खुर्चीचा राग आता माझ्या एकटीपाशी उरलाय. तोही गेला तर दादा कुणाचाच नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

टेबलावरचा फोन वाजतो. उचलला की कुणी नसतं. मी बोलत नाही. दातांत पदर धरून बसते. ते थांबतं. वाट बघतं. घाई नाही त्याला.

एवढं कुणी थांबलं नव्हतं माझ्यासाठी. आई गेली तेव्हा आलेले लोक दादालाच भेटून गेले, आता तुझं कसं होणार रे म्हणून. माझं कसं होणार हे—

नाही. लिहायचंही नाही.

उद्या जाणार त्या ऐकणाऱ्याकडे. समोर उभी राहणार, बसणार नाही. एकच वाक्य. खुर्ची द्या आणि माझा भाऊ द्या. बस्स.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

गेले. दुपार होती, खोलीभर ऊन. तो उन्हाकडे पाठ करून बसलेला. चेहरा नाही दिसला. कान दिसले. उन्हाने मागून लालबुंद, मोठे, पातळ. समोर एक रिकामा मऊ सोफा.

उभ्यानेच म्हटलं मी. खुर्ची द्या. माझा भाऊ द्या.

त्याने मान थोडी कलती केली. जशी आई करायची, मी शाळेतून आल्यावर—

बसले.

किती बोलले ते— कंबर, जिना, लग्नाचं राहून गेलं ते, एकदा रागात दादाच्या तोंडावर दार आपटलं होतं ते, सगळं. आणि खुर्चीचं. सगळ्यात जास्त खुर्चीचं. थांबायचं होतं. देवाशप्पथ थांबायचं होतं, पण इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं हो, कुणीच, आणि तो इतकं—

बाहेर आले तर ऊन छान पडलं होतं.

शनिवार

झोप छान लागली. फोड फुटलाय वाटतं, वहीला ओल लागली. असू दे.

काहीतरी करायचं होतं आज. कुठेतरी थर्मास घेऊन जायचं होतं.

मागची पानं वाचली. अक्षर माझंच. या बाईला किती त्रास झालेला दिसतो. दादा दादा दादा. तो कोण— हो. दादा. दादा माझा भाऊ आहे. दादा माझा भाऊ आहे. दादा माझा भाऊ आहे. त्याची— त्यांनी त्याची काहीतरी वस्तू—

भीती वाटायला हवी ना आता? वाटत होती. सकाळपर्यंत होती. धरून ठेवते तर—

रविवार की सोमवार

मेट्रनबाईंनी ऑफिसला कळवलं म्हणे. नातेवाइकाने येऊन तक्रार केली, आमच्या ऐकणाऱ्यांनी ऐकून घेतली. ताई जिना चढून सांगायला आल्या. माझ्या हाताला पट्टी बांधली. रडत होत्या, का ते कळलं नाही. नियमाप्रमाणे आता ऑफिसातून मला शेवटचा फोन येणार म्हणाल्या. उचलू नका, असं हळूच कानात म्हणाल्या. मग म्हणाल्या, मी असं म्हटल्याचं कुणाला सांगू नका.

बऱ्या आहेत ताई. सगळेच बरे आहेत.

वाजतोय फोन.

थांबा. उचलायच्या आधी एवढं लिहून ठेवते, म्हणजे राहील. एक खुर्ची होती. चाकांची. जिन्याखाली कुलपात आहे. डावं चाक कुरकुरायचं. गादी मी शिवलेली, जुन्या पडद्याची, निळी. दर वर्षी उसवायची, मी टाके घालायचे, आणि टाके वाकडे आले म्हणून कुणीतरी माझ्यावर ओरडायचं. एका लाडक्या नावाने हाक मारून ओरडायचं आणि मला हसू यायचं. कोण बरं ते—